ओतीव भाव

आमच्या तव्याच्या पाठीवर
अजून वाचता येतं, नुसत्या बोटानं:
दोन रूबल दहा कोपेक.
छापलेलं नाही, चिकटवलेलं नाही. ओतलेलं.
लोखंडाबरोबरच थंड झालेला आकडा.

साच्यात तो उलटा कोरायचे माझे बाबा,
प्रोकिप आंद्रियोविच, नीपरकाठच्या ओतकामाच्या कारखान्यात,
सत्तावीस वर्षं, डावा डोळा मिटून.
भाव बदलायचा म्हणजे साचा मोडायचा,
आणि साचा मोडायला मॉस्कोची सही लागायची.

तेव्हा महागाई नव्हती, असं आई अजून म्हणते.
नव्हती कशी? रांगेत उभी होती,
पहाटे पाचला, रिकामी जाळीची पिशवी घेऊन.
आकडा हलत नव्हता, म्हणून माणसं हलत होती,
एकेक पाऊल, बर्फातून.
घ्यायलाच काही नाही म्हणून उरलेला पैसा
आई बचतखात्यात टाकायची.
चार हजार सहाशे.
पासबुक उशीखाली.

ब्याण्णवच्या जानेवारीत भाव मोकळे सोडले.
नदीवरचा बर्फ फुटतो तसा आवाज वगैरे झाला नाही.
कोपऱ्यावरच्या दुकानात मेलानिया पाटीवर खडूनं लिहू लागली,
पुसून पुन्हा लिहू लागली,
आणि फेब्रुवारीत खडू संपले.

एकच उडी, मग सगळं स्थिरावेल, टीव्हीवरचा माणूस म्हणाला.
टाय नीट बांधलेला होता त्याचा.

तवे कुणी घेईना. कारखाना मात्र बंद पडला नाही.
तवे उधारीवर खाणीच्या खानावळीला,
खाणीचा कोळसा उधारीवर पोलादवाल्यांना,
पोलाद उधारीवर आम्हाला, पुन्हा तव्यांसाठी.
ही सगळी बिलं एकमेकांच्या खांद्यावर बसून
कीवला पोचली.
अकरा हजार माणसांना एका सकाळी
घरी जा म्हणण्याची छाती कीवमध्ये कुणाची नव्हती.
माझी असती का?
कर्ज मंजूर झालं. छापखाना रात्रपाळीत चालला.
बाबांचा पगार आला, दोन महिने उशिरा.
तेवढ्या दोन महिन्यांत संचालकांनी त्याचे डॉलर करून
परत कूपनं केली होती म्हणे.

आई हिशेबखात्यात. तिला सगळं दिसत होतं.
एकदा बीटचं सूप वाढताना म्हणाली,
"प्रोकिप, तुझा पगार हाच भाव आहे रे.
तो येतो, म्हणून तो वाढतो."
बाबांनी चमचा खाली ठेवला नाही.
पण त्यानंतर भाकरीही मागितली नाही.

पगार अकराला हातात, बाराला त्याची साखर,
मीठ, काडेपेट्या, आणि एकदा
तीन रबरी बूट, तिन्ही डाव्या पायाचे.
उद्या वाढेल म्हणून सगळे आज धावले
आणि सगळे धावले म्हणून उद्या वाढलं.
गॅसही महागला उत्तरेकडून, ते खरंच.
पण आमच्या जिन्यातली ती धावपळ
कुठल्याही पाइपातून आलेली नव्हती.

आईचे चार हजार सहाशे जागच्या जागी होते.
एक कोपेकही कुणी चोरला नाही.
ती बँकेत जाऊन बघून आली,
येताना त्या पैशांत काय येईल ते विचारून आली,
आणि काय येईल ते आम्हाला कधी सांगितलं नाही.

त्र्याण्णवच्या शरदात हुकूम निघाला:
साच्यात किंमत कोरू नये, जागा गुळगुळीत करावी.
बाबांनी तो लंबगोल तीन दिवस घासला.
एका दिवसाचं काम होतं.

तो कोरा तवा मावशीनं बाजारात
मोटारीच्या बॅटरीला बदलला.
जुना माझ्याकडे आला. मी त्यावर बटाट्याची धिरडी करते,
घासताना अंगठा त्या आकड्यावर अडखळतो.

परवा मुलानं विचारलं, "हे काय गं, मॉडेल नंबर?"
मी हो म्हटलं.